‘हंगामी’, ‘काळजीवाहू’ की ‘औटघटकेचा’?

शाईपेन: दक्षिण कोरियाच्या चोई क्यू-हा यांच्यावर टिपण लिहितेय. २६ ऑक्टोबर १९७९ ला पार्क चुंग-ही यांना त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने गोळ्या घातल्या आणि पंतप्रधान चोईंवर कारभार आला. मी ‘हंगामी राष्ट्राध्यक्ष’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘काळजीवाहू’ केलं. बरोबर कोण?

दौत: हंगामीच. राजीनामा देऊनही पुढचा येईपर्यंत खुर्ची सांभाळतो तो काळजीवाहू. गुलझारीलाल नंदा हंगामी, मार्च १९९१ नंतरचे चंद्रशेखर काळजीवाहू.

रेघोटी: हंगामी म्हटलं की मला साखर कारखान्याचे कामगार दिसतात. गाळप संपलं, घरी. शिवाय शब्द फारसी. ‘प्रभारी’ काय वाईट आहे?

दौत: फारसी-अरबी हाकलायचे तर ‘शिवाय’पासूनच सुरुवात करा.

कारकून: प्रभारीचं नाव काढू नका. वडील सहा वर्षं प्रभारी मुख्याध्यापक होते. आई म्हणायची, पगार शिक्षकाचा, शिव्या मुख्याध्यापकाच्या.

शाईपेन: कोरियनमध्ये ‘क्वॉनहान तेहेंग’ म्हणतात, दुसऱ्याच्या वतीने अधिकार चालवणारा. त्यात ना काळजी, ना हंगाम. पण ६ डिसेंबरला चोई रीतसर निवडले गेले आणि १२ तारखेला जनरल चुन डू-ह्वान यांनी लष्कर ताब्यात घेतलं. सेनाप्रमुखाला आधी पकडलं, मंजुरी मागाहून. चोईंनी सही केली, पण शेजारी वेळ टाकली: पहाटे ५:१०. म्हणजे पूर्ण पद मिळाल्यावरच खरे हंगामी झाले!

हळकुंड: मग ‘औटघटकेचा’ घ्या. औट म्हणजे साडेतीन, घटका चोवीस मिनिटांची. ८४ मिनिटांचं राज्य.

रेघोटी: औट इंग्रजी आउटवरून ना? आमचे सर तसंच सांगायचे.

हळकुंड: मग ‘औट हाताचा देह’ काय बाद झालेला?

दौत: पण चोई १६ ऑगस्ट १९८० ला पायउतार झाले. हंगामी धरून जवळजवळ दहा महिने. औटघटका कसली?

हळकुंड: ‘चार दिवस सासूचे’ म्हणताना दिवस मोजता का?

कारकून: मला तो सहीशेजारचा ५:१० आवडला. असला कारकून आमच्या खात्यात हवा होता. पुढे काही बोलले का ते?

शाईपेन: नाही. १९९६ मध्ये त्या लष्करी उठावाच्या खटल्यात कोर्टात आणलं तरी साक्ष दिली नाही. २००६ मध्ये गेले. मूग गिळून.

रेघोटी: मूग कमीपणा वाटला की गिळतात. हे ठरवून गप्प बसणं, ही गुळणी.

हळकुंड: मिठाची गुळणी. नुसती गुळणी दात घासताना.

शाईपेन: अहो, टिपण आज संध्याकाळी जायचंय.

दौत: मिठाचीच का पण? तुरटीची का नाही?