१४,००० पुस्तकांची एन्ट्री करायचीय, सुरुवातच होत नाहीये

शाईपेन
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, जूनपासून. सरकारी वर्गवारीत 'ब' वर्ग, पुस्तकं साधारण १४,०००. आधीचे ग्रंथपाल ३१ वर्षं होते, कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात ते बसल्या जागी सांगायचे, पण कॉम्प्युटरवर काहीच नाही. मंडळाने कोहा (वाचनालयाचं सॉफ्टवेअर) टाकायचं ठरवलं आणि मार्चअखेर सगळं चढवून पाहिजे म्हणाले. कोहा टाकून दोन महिने झाले, माझी एकही एन्ट्री नाही.

रोज सकाळी ठरवून दाखल रजिस्टरचा (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन लिहितात ती वही) पहिला खंड उघडते, १९५८ च्या नोंदी, शाई पार उडालेली, पहिलंच पुस्तक कपाटात सापडत नाही म्हणून शोधायला उठते तेवढ्यात सभासद येतात आणि मग दिवस संपतो. हिशोब केला, पुस्तकाला २ मिनिटं धरली तरी ४६६ तास, रोज २ तास मिळाले तर २३३ दिवस. तो आकडा बघितला की हातच चालत नाही. घरी पोळ्या लाटताना पण डोक्यात तेच. कुणी एवढं मोठं काम सुरू केलं असेल तर प्लीज सांगा, कुठून धरायचं?

देवघेव_खिडकी
ताई, पहिला खंड आधी कपाटात ठेवून द्या. आम्ही पण तिथूनच सुरू केलं होतं आणि तीन आठवडे वाया गेले, कारण जुन्या खंडातली निम्मी पुस्तकं कसर लागून नाहीतर निर्लेखनात (रद्द करून काढून टाकण्यात) गेलेली असतात, म्हणजे तुम्ही नसलेली पुस्तकं शोधत बसता.
जे पुस्तक परत येईल त्याचीच एन्ट्री करायची आणि मगच कपाटात लावायचं, बस. आज १५ परत आली तर १५. पुस्तक हातात असतं, शोधाशोध नाही. आणि लोक जी खरंच वाचतात ती सगळी चार-सहा महिन्यांत आपोआप चढतात, सभासदांना उपयोग लगेच दिसतो. कपाटातून न हललेली शेवटी घ्या.

ताळेबंद६४
वरच्यांचं पटतं पण एक सांगतो, मी वाचनालयाच्या मंडळावर कोषाध्यक्ष होतो. तपासणीला जिल्हा ग्रंथालय अधिकारी आले की दाखल रजिस्टर मागतात, कॉम्प्युटर नंतर. त्यामुळे काहीही झालं तरी नवीन नंबर देऊ नका, जुना दाखल क्रमांक तोच बारकोडला ठेवा आणि एन्ट्री झाली की रजिस्टरात त्या ओळीसमोर पेन्सिलने बारीक टिक करा. शेवटी टिक नसलेल्या ओळी म्हणजेच न सापडलेल्या पुस्तकांची यादी, ती काय वेगळी करावी लागत नाही.
आणि मंडळाला तो २३३ दिवसांचा हिशोब कागदावर लिहून द्या. मार्च त्यांनी अंदाजाने सांगितलाय, त्यांना पुस्तकाला किती वेळ लागतो हे माहीत असायचं कारण नाही. आम्हाला कुणी असा कागद दिला असता तर आम्ही तासावर एक मुलगा नक्की ठेवला असता.

चष्मेबद्दूर_सांगली
मला वाटतं तुमचं टायपिंगला अडत नाहीये, ठरवण्यात अडतंय. नाव कसं लिहायचं, आडनाव आधी का नंतर, कुसुमाग्रज लिहायचं का शिरवाडकर, ऱ्हस्व-दीर्घ कव्हरवरचं का आपलं, हे दर पुस्तकाला नव्याने ठरवायला लागलं की माणूस दमतोच. त्यात १९७० च्या आधीच्या पुस्तकांना आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख-नंबर) नाही, म्हणजे त्यावरून नेटवरचा आयता रेकॉर्ड मिळत नाही. तर आधी २० पुस्तकं घ्या, मुद्दाम वेगवेगळी, कादंबरी, दिवाळी अंक, बालवाङ्मय, एखादं पान फाटलेलं. त्या २० ला जे जे ठरवाल ते एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. वर्गांकाचा (विषयाप्रमाणे द्यायच्या नंबरचा) फार विचार नको, मराठी साहित्य ८९१.४६, कादंबरी-कथा ८९१.४६३, पुढचे बारकावे नंतर भरता येतात. दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, किंमत एवढं झालं की पुढचं पुस्तक.

शाईपेन
सगळ्यांचे खूप आभार, कालच लिहायचं होतं पण वीज नव्हती. परवा २० पुस्तकांचा कागद केला, निम्मा वेळ नावांवरच गेला, शेवटी ठरवलं की पुस्तकावर जे छापलंय तेच आणि खरं नाव दुसऱ्या रकान्यात. काल ११ पुस्तकं परत आली, ११ चढली. त्यातलं एक शेतीवरचं होतं, आत चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर जागाच उरली नव्हती, वर अजून दोन चिठ्ठ्या चिकटवलेल्या. घेऊन आलेले आजोबा तिथेच खुर्चीवर बसून राहिले आणि स्क्रीनवर नाव आल्यावर म्हणाले, बाई, आता मला फोन करून विचारता येईल का पुस्तक आहे की नाही. मी हो म्हणाले.
काका, मंडळाला द्यायचा कागद लिहिलाय, शनिवारी मीटिंग आहे. दिवाळी अंकांना दाखल क्रमांक स्वतंत्र असतो का तुमच्याकडे? आमच्या रजिस्टरात १९८० पर्यंत दिसतो, पुढे नाही.