नुसतं चित्र उचलून फिरवायचं, की पुस्तकही उघडायचं?

तळटीप
जुन्या ग्रंथसंग्रहांतली चमत्कारिक, विसरलेली चित्रं हल्ली रोज कुठे ना कुठे दिसतात. बघायला मलाही आवडतात. पण परवा एकाने जलपरीचं चित्र पाठवलं, खाली ओळ: ‘३०० वर्षांपूर्वीचे लोक कशावरही विश्वास ठेवायचे, हाहा.’ तिथे माझं डोकं फिरलं.

चित्र लुई रेनारच्या माशांच्या पुस्तकातलं, अॅमस्टरडॅमला १७१९ मध्ये निघालेलं. रेनार स्वतः इंडोनेशियाच्या त्या समुद्रावर कधी गेलाच नाही. मूळ चित्रं सॅम्युअल फालूरची. हा डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तिथल्या अंबोन बेटावर होता. जलपरीसोबत टिपण आहे. लांबी ५९ इंच, अंगाने ईल माशासारखी बारीक. पाण्याच्या पिंपात ४ दिवस ७ तास जगली, मधूनमधून उंदरासारखी चिरकायची, मासे-खेकडे पुढे टाकले तरी तोंड लावलं नाही. मेल्यावर पिंपात विष्ठा सापडली, मांजराच्या विष्ठेसारखी!

आता सांगा, ‘७ तास’ लिहिणारा माणूस भोळा असतो का? लोक विश्वास ठेवणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो तास मोजून देतोय. खरी गंमत त्या टिपणात, आणि नेमकं तेच कापून टाकतात. माझं मत: पुस्तकाचं नाव आणि सोबतचा मजकूर देता येत नसेल तर चित्र फिरवूच नये.

रिकामटेकडी
असहमत. हा नियम लावला असता तर बोखर्टचं रंगांचं पुस्तक मी या जन्मी पाहिलं नसतं. १६९२ मधलं डच हस्तलिखित, एकच प्रत, फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हान्सच्या ग्रंथालयात. जलरंगात पाण्याचा एक भाग घातला की काय होतं, दोन घातले की काय, तीन घातले की काय, हे शेकडो पानं रंगाचे चौकोन भरून दाखवलंय. एकच गुलाबी रंग पान उलटेपर्यंत फिका होत जातो. २०१४ मध्ये एका अभ्यासकाने ब्लॉगवर त्याचे फोटो टाकले आणि जगभर पोचलं. डच मला ओ की ठो कळत नाही. म्हणून बघूही नको?

तळटीप
बघा की! पण तेव्हा बहुतेकांनी काय लिहिलं? ‘हे तर १७व्या शतकातलं पँटोन’, म्हणजे हल्लीच्या छपाईवाल्यांचं रंगांचे नमुने दाखवणारं कार्ड. बोखर्टने ते चित्रकला शिकणाऱ्यांसाठी लिहिलं होतं, प्रत्येक रंगाशेजारी तो कसा करायचा हे सांगितलंय. आपण त्याचं शेडकार्ड करून टाकलं.

वाळवी
एक बाळबोध शंका. सगळं जपायलाच हवं का? बरंचसं लोक विसरले कारण ते रटाळ होतं. मी जुनी प्रवचनं चाळून बसलेय, अनुभवाचे बोल आहेत.

निळी शाई
वाळवी, रटाळ म्हणून विसरले असते तर ठीक होतं. अॅना अॅटकिन्सचं उदाहरण घ्या. १८४३ पासून तिने ब्रिटिश समुद्रशेवाळांचं पुस्तक भागाभागांनी काढलं. लोहक्षार लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवायचं, उन्हात धरायचं, पाण्याने धुवायचं. निळ्यावर पांढरी आकृती उमटते. मजकूरही तिच्याच अक्षरात, त्याच पद्धतीने छापलेला. छायाचित्रं असलेलं हे पहिलं पुस्तक मानतात. तिने सही केली नुसती ‘ए. ए.’ अशी. पुढे त्याच शतकात एका संग्राहकाने त्याचा अर्थ लावला ‘अॅनॉनिमस अमॅच्युअर’, म्हणजे अज्ञात हौशी! त्याच्यासमोर अख्खं पुस्तक होतं हो, तळटीप. चित्र कापलेलं नव्हतं. तरी बाई गायब झालीच.

तळटीप
हे मात्र झोंबलं. पण नाव परत मिळालं तेही कुणीतरी कागद चिवडत बसलं म्हणूनच ना.

उलटसुलट
मग गोगलगायींचं काय करणार? १३व्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातल्या हस्तलिखितांच्या समासात चिलखती सरदार गोगलगायीशी लढताना दिसतात. कुणी तलवार टाकून गुडघ्यावर आलेला. का, ते कुणालाच धड सांगता येत नाही. लिलियन रँडल यांनी १९६२ मध्ये मांडलं की ही लोंबार्ड लोकांची, म्हणजे उत्तर इटलीतल्या सावकारांची, टिंगल असावी. सगळ्यांना ते पटलेलं नाही. म्हणजे तुमच्या नियमातला ‘सोबतचा मजकूर’ इथे नाहीच. हे चित्र फिरवायचं की नाही?

तळटीप
मजकूर आहे की. गॉर्ल्स्टन साल्टरमध्येही अशी गोगलगाय आहे, आणि तो स्तोत्रांचा ग्रंथ आहे. म्हणजे प्रार्थना म्हणता म्हणता एखाद्याची नजर समासात घसरत असणार. कापलेल्या चित्रात ते घसरणंच उरत नाही. खुलासा मिळाला नाही तरी चालेल, अख्खं पान तरी दाखवा. एवढं मी खाली यायला तयार आहे.

रिकामटेकडी
बघा, पहिल्या पोस्टमध्ये ‘फिरवूच नये’ होतं, आता ‘पान दाखवा’ झालं. आणखी दोन प्रतिसादांत तुम्हीच गोगलगाय डीपीला लावाल. :)

वाळवी
मला एवढंच सांगा, त्या पिंपातल्या बाईचं खरं काय होतं? ड्युगाँग, म्हणजे समुद्रगाय?

तळटीप
बरेच जण तसंच म्हणतात. पण ५९ इंच लांब आणि ईलसारखा बारीक ड्युगाँग? आणि पिंपात मावेल असा? मी अजून फालूरच्या बाजूने आहे. थापेबाज होता, पण मोजून थापा मारणारा.