देणगी देणाऱ्या फाउंडेशनमध्ये इंटर्नशिप : घ्यावी का?

घाटंजीकर : भाची एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. गावोगावच्या संस्थांना निधी देणाऱ्या एका फाउंडेशनमध्ये तिला इंटर्नशिप मिळतेय. निधी जातो यवतमाळ जिल्ह्यात, बसायचं नागपुरात. माझं मत, घेऊ नये. २०१३च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजकामावर, खर्चावे लागतात, त्यातून अशी ऑफिसं वाढली. काम शिकायचं तर मेळघाट-गडचिरोलीतल्या संस्थेत जावं.

काळी माती : साफ असहमत. राळेगावकडच्या एका छोट्या संस्थेचा हिशेब मी बघतो. बारा-ए, ऐंशी-जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, तीन वर्षांचं ऑडिट सगळं देऊनही प्रस्ताव अडतो, कारण पलीकडच्याला इथला हंगाम माहीत नसतो. एका निधीदात्यानं बायांचं प्रशिक्षण ऐन कापूस वेचणीत ठेवा म्हटलं. कोण येणार? रोजी सोडून? वेचणी केलेल्या घरातली पोर त्या टेबलाशी बसली तर पहिल्याच वाचनात तारीख खोडेल.

वऱ्हाडी बाणा : खोडन कशी भाऊ? इंटर्नच्या हाती एक्सेल असते, सही नाई. पैसा कोनाले द्याचा ते ट्रस्टी ठरवतेत. अन् गावात बोभाटा होईन तो वेगळाच, "आपली पोट्टी तिथं हाय, आपलं काम होते." नाई झालं का मंग मामालेच बोल! स्टायपेंड किती, ते सांगा आधी. नागपुरात खोलीभाडं कोन भरनार?

काळी माती : आपल्या तालुक्याची फाइल तिनं घेऊच नये, पहिल्याच दिवशी तसं लेखी द्यावं. सही नसली तरी भेटीचा अहवाल तीच लिहिते, आणि ट्रस्टी बहुतेक तेवढाच वाचतात. शिवाय विदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेमार्फत पैसा मिळवणाऱ्या खेड्यातल्या संस्था त्यात अडकल्या. गडचिरोलीत राहून हे झळ म्हणून कळेल. कुठल्या रकान्यात अडतं ते फाउंडेशनच्या टेबलाशीच दिसेल.

घाटंजीकर : स्टायपेंड विचारला, "प्रवासखर्च देऊ" म्हणाले. गरिबांसाठी निधी वाटणाऱ्यांनी पोरीला फुकट राबवायचं, हे मला पटत नाही. अहवालाचा मुद्दा मात्र मान्य. खोलीभाडं आणि महिन्यातले निम्मे दिवस गावात, एवढं लेखी दिलं तर पाठवू.

वऱ्हाडी बाणा : लेखी देतेत का पाहा बापा. नाई देत.