सामोआच्या रग्बीचा इतिहास: सुरुवात कुठून करू?

निशिगंध: 2023 च्या विश्वचषकात सामोआ इंग्लंडकडून 17-18 असा एका गुणाने हरला. तो सामना पाहिल्यापासून या संघाने वेड लावलंय. देशाची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास, आपल्याकडचा एखादा तालुका म्हणा! जुने कोणते सामने बघू, कशाबद्दल वाचू? नियम जुजबी कळतात. जाणकारांनी कृपया सांगावं.

रानवारा: डोळे झाकून 6 ऑक्टोबर 1991 चा वेल्सविरुद्धचा सामना बघा. कार्डिफमध्ये, वेल्सच्या घरच्या मैदानावर. तेव्हा संघाचं नाव पश्चिम सामोआ होतं. 1987 च्या पहिल्या विश्वचषकाला फिजी आणि टोंगाला आमंत्रण होतं, यांना नव्हतं. म्हणजे विश्वचषकातला हा त्यांचा पहिलाच सामना, आणि तो 16-13 असा जिंकला!

धावफलकापेक्षा टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडणं, बघा. वेल्सच्या तिघांना दुखापत होऊन मैदान सोडावं लागलं. सामोआच्या टो'ओ वाएगाची ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं) परत परत बघा: चेंडूवर आधी हात वेल्सच्या रॉबर्ट जोन्सचा पडल्यासारखा दिसतो, पण पंचांनी ट्राय दिली. तेव्हा ट्रायला 4 गुण होते, त्यामुळे हिशेब करताना गोंधळू नका. सामोआचा कर्णधार पीटर फातियालोफा ऑकलंडमध्ये पियानो हलवण्याचा व्यवसाय करायचा. पुढे अर्जेंटिनालाही हरवून संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला.

खडूफळा: सामना भारीच, पण माझ्या मते आधी 1924 वाचा. सामोआचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना राजधानी अपियात फिजीविरुद्ध झाला, तोही सकाळी 7 वाजता, कारण नंतर खेळाडूंना कामावर जायचं होतं. मैदानात चक्क झाड होतं. फिजी 6-0 ने जिंकला.

तेव्हा तिथे न्यूझीलंडची सत्ता होती. 1918 मध्ये ऑकलंडहून आलेल्या 'तालून' जहाजातून इन्फ्लुएन्झा पसरला आणि लोकसंख्येचा पाचवा हिस्सा गेला. 1929 मध्ये अपियात 'माऊ' या स्वातंत्र्य चळवळीच्या शांततापूर्ण मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. स्वातंत्र्य मिळालं 1962 मध्ये. हे वाचलंत की 8 जुलै 2015 चा सामना नुसता सामना राहत नाही. ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडचा संघ, सामोआत पहिल्यांदा कसोटी (अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना) खेळले ते त्या दिवशी! न्यूझीलंड 25-16 ने जिंकलं, पण सामोआने शेवटपर्यंत झुंजवलं. इतकी वर्षं यायला नको होतं का त्यांनी? मला तरी याचा राग येतो.

निशिगंध: दोघांचे मनापासून आभार. एक शंका: सामोआचे इतके खेळाडू न्यूझीलंडकडून कसे खेळतात?

रानवारा: अनेक सामोअन कुटुंबं ऑकलंडमध्ये स्थायिक आहेत, पैसा आणि व्यावसायिक संघही तिकडेच. मायकल जोन्स 1986 मध्ये सामोआकडून एक कसोटी खेळला आणि 1987 चा विश्वचषक न्यूझीलंडकडून जिंकला. फ्रँक बन्स 1991 मध्ये सामोआकडून होता, 1992 मध्ये ऑल ब्लॅक्समध्ये. पुढे नियम कडक झाले आणि एका देशाकडून खेळलं की दुसरा देश बंद. 2022 पासून तीन वर्षं थांबून जन्माच्या किंवा आई-वडील, आजी-आजोबांच्या देशाकडून खेळता येतं. तुम्ही पाहिलेल्या संघातला लिमा सोपोआगा असाच ऑल ब्लॅक्सकडून परत आलेला.

खडूफळा: +1. आणि जुलै 2011 चा सिडनीतला सामना राहिलाच की! ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात 32-23. कार्डिफनंतर लगेच हाच लावा.