मेंटेनन्स 'एक्स्पोनेन्शियली' वाढला म्हणे

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार 🙏 खर्च एक्स्पोनेन्शियली वाढल्यामुळे या वर्षापासून मेंटेनन्स ११०० रु. भरावा ही विनंती

बी-३०२ सर: अहो भाऊ, ८०० चे ९००, मग १०००, आता ११००. दरसाल शंभरच वाढले ना, मग एक्स्पोनेन्शियल कुठून आलं

सेक्रेटरी: सर पेपरात रोज येतं की, काहीही जोरात वाढलं की एक्स्पोनेन्शियल

बी-३०२ सर: येऊ द्या. ही शंभर-शंभरची बेरीज आहे, सरळ रेषा. टक्क्यात बघाल तर साडेबारा, मग अकरा, आता दहा, म्हणजे उलट कमीच होतंय. एक्स्पोनेन्शियल म्हणजे आधी जेवढं असेल त्याच्या ठरलेल्या पटीत दरवेळी वाढायचं, ८०० चे १६००, मग ३२००, मग ६४००

ए-१०१ काकू: सर ३२०० बोलू नका हो, त्यांना आयडिया मिळेल 😂

सी-२०३: काय भो, मग आमच्या रावेरच्या मळ्यात केळीला पिलं फुटतात तसंच ना, एका खोडाची तीन ठेवली अन् त्या प्रत्येकाची परत तीन तर ३, ९, २७, ८१, पाचव्या खेपेला २४३!! बाबा म्हणून कोयता घेऊन एकच पिल ठेवायचे, बाकी सगळी छाटून टाकायचे

बी-३०२ सर: बरोब्बर. अन् नाही छाटली तरी २४३ होत नाहीत, जागा पाणी खत पुरणार कुठून, वाढ आपोआप बसते

ए-१०१ काकू: म्हणजे लय जोरात वाढतं तेच ना

बी-३०२ सर: जोराचा संबंधच नाही काकू. ७ टक्क्यांची एफडी, व्याज मुद्दलात मिळत गेलं तरी दुप्पट व्हायला साधारण १० वर्षं लागतात (अंदाज काढायला ७२ ला व्याजाच्या टक्क्याने, म्हणजे ७ ने भागा). मुंगीची चाल, पण आहे एक्स्पोनेन्शियलच. शाळेत चक्रवाढ व्याज केलं ना आपण, तेच हे

सी-२०३: आते समजनं माले 😄

डी-४०१: अन् टँकर? मार्चमध्ये ४ होते, एप्रिलमध्ये १२

बी-३०२ सर: दोन आकड्यांवरून काही ठरत नाही, ती नुसती उडी. मे मध्ये ३६ लागले तर बोलू

सेक्रेटरी: ३६ लागले तर माझा राजीनामा घ्या 🙏

सेक्रेटरी: सुधारित नोटीस - खर्च चक्रवाढीने वाढल्यामुळे मेंटेनन्स ११०० रु.

बी-३०२ सर: अहो परत तेच झालं ना!! नुसतं 'शंभरने' लिहा

ए-१०१ काकू: ते लिहा काहीही, लिफ्ट कधी चालू होतेय ते सांगा आधी