मदत हवी आहे: अ‍ॅफिलिएट लिंकवर क्लिक होतात, ऑर्डर एकही नोंदली जात नाही

हेडफोनची माहिती देणारा माझा ब्लॉग आहे, लेख 32. गेल्या दोन महिन्यांत अ‍ॅफिलिएट लिंकवर (ऑनलाइन दुकानाची लिंक, तिच्यावरून कुणी खरेदी केली तर मला कमिशन) 410 क्लिक झाले, ऑर्डर शून्य. वाचक बहुतेक गुगल सर्चवरून येतात, तेही मोबाइलवर.

प्रत्येक लिंक इन्कॉग्निटोमध्ये उघडून पाहिली. पत्त्याच्या शेवटी माझा ट्रॅकिंग आयडी (ग्राहक माझ्याकडून आला हे दुकानाला कळवणारा कोड) व्यवस्थित दिसतो. लिंक छोटी करणारं प्लगइन काढून टाकलं. लिंकना ‘स्पॉन्सर्ड’ टॅग (लिंक कमिशनची आहे हे सर्च इंजिनला सांगणारी खूण) आहे, कमिशन मिळतं हेही लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलंय. क्लिक माझ्याकडून आला हे लक्षात ठेवणारी कुकी फक्त 24 तासांची, म्हणजे दोन दिवस विचार करून घेणारे हातचे जाणार, हे मान्य. पण 410 मधून एकही नाही?

माझी शंका वेगळीच आहे. फोनवर लिंक दाबली की ब्राउझरऐवजी थेट दुकानाचं अ‍ॅप उघडतं आणि तिथे पत्ता दिसतच नाही. आयडी तिथवर पोचतो की मध्येच गळतो, कळायला मार्ग नाही. स्वतः ऑर्डर करून बघावं, तर स्वतःच्या लिंकवरून खरेदी करणं नियमात बसत नाही.

अ‍ॅप उघडल्यावर आयडी टिकला की नाही, हे नियम न मोडता कसं तपासायचं?