पंप कंपन्यांनी फिटर काढून टाकले, मग मोटर कशानं जळाली हे ठरवायचं कुणी?

निपाणीकर शेतकरी
5 एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच बॉडीत) वॉरंटीत जळाला तर हल्ली कंपनीचा फिटर येत नाही, मोबाइलवर फोटो मागतात. कॉइल काळी दिसली की ‘बर्न’ लिहून तक्रार बंद. जळण्याचं कारण कॉइलवरच दिसतं, पण त्यासाठी मोटर उघडावी लागते. तीन फेजच्या कॉइली स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतीनं जोडतात. स्टार जोडणीत दोन फेजचे गट काळे आणि तिसरा कोरा असेल तर सिंगल फेजिंग, म्हणजे एक फेज गेला तरी मोटर चालत राहिली. डेल्टात त्याच कारणानं एकच गट जळतो. तिन्ही सारखे करपले तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. एकाच जागी डाग आणि बाकी वायर स्वच्छ असेल तर बहुधा इन्सुलेशनचा दोष, मग शेतकऱ्यानं भुर्दंड का सोसावा? त्यात निपाणीहून कोल्हापूर 40 किलोमीटरच्या आसपास, बेळगाव जवळपास दुप्पट. पण पत्ता कर्नाटकातला, म्हणून तक्रार जाते बेळगाव-हुबळीकडं. उसाला पाणी तोवर थांबतंय होय?

वाइंडिंगवाला, चिकोडी
निम्मं पटलं दादा. पण थ्री फेज मोजकेच तास मिळतं म्हणून दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटर पळवतात, एक फेज गेला की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर बायपास करतात, ते कोण करतं? चालू मोटरचा एक फेज गेला की उरलेल्या दोन तारांत करंट पावणेदोन पटीच्या घरात जातो. 5 एचपीला साधारण साडेसात अँपिअर लागतात. जादा करंटला मोटर बंद करणारा रिले 12 वर फिरवून ठेवला तर तो ट्रिप कशाला होईल? नेमप्लेटवरचा आकडा बघून रिले लावा, निम्म्या मोटरी वाचतील.

निपाणीकर शेतकरी
मान्य. मग तेच बघून सांगायला माणूस नको का?

उद्यमबागेतून (बेळगावची औद्योगिक वसाहत)
कंपन्यांची खरी काटकसर वायरमध्ये आहे. तांब्याइतकाच करंट न्यायला ॲल्युमिनियमची तार क्षेत्रफळानं 1.6 पट जाड लागते. स्टॅम्पिंग (कॉइल बसते त्या लोखंडी पत्र्यांचा गाभा) जुनंच ठेवलं तर तेवढी तार त्याच्या स्लॉटात, म्हणजे खाचेत, बसत नाही, मग बारीक तार भरतात आणि मोटर तापते. बाहेर येणाऱ्या लीड वायरच्या सांध्यावर ऑक्साइड धरतं, साधं सोल्डर चिकटत नाही, क्रिम्प (दाबून केलेला जोड) सैल पडला की सांधाच जळतो. ह्याला ‘नवं मॉडेल’ म्हणून विकणं मला अजिबात पटत नाही. घेताना वायर कुठली ते बिलावर लिहून घ्या.

पंप विक्रेता, खानापूर
तांब्याची मोटर दाखवली की गिऱ्हाईक किंमत ऐकून पुढच्या दुकानात जातं. स्लॉट मोठा केला तर ॲल्युमिनियमही टिकतं. सगळाच माल वाईट म्हणू नका.

उद्यमबागेतून
स्लॉट मोठा केलेला असेल तर वाद नाही. पण ते गिऱ्हाइकाला सांगतं कोण?

वाइंडिंगवाला, चिकोडी
आणि क्लेम लागेपर्यंत कॉइल काढू देऊ नका. जाळून कॉइल काढली की पुरावा गेला, स्टॅम्पिंगही बिघडतं. दोन्ही झाकणं काढून सगळ्या बाजूंनी फोटो, नेमप्लेटचा फोटो, आणि कंपनीकडून नकाराचं कारण लेखी. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. 2019 च्या ग्राहक कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा लावता येतो, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. कंपनी कोइमतूरची असली तरी दावा बेळगावातच.